वरची मूठ

त्या रविवारी ताईने दारात चपला अशा भिरकावल्या, की एक आत आली आणि दुसरी शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर जाऊन पडली. स्वयंपाकघरात क्रीम फेटत असलेल्या वहिनीने तो आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, चला, बातमी पोचली.

बातमी एवढीच होती, की वहिनी घरचे केक बंद करणार. गावातल्या मोठ्या बेकरीत तिला नोकरी चालून आली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उभं राहून केकवर क्रीमची फुलं काढायची, महिन्याला चौदा हजार पगार, आणि अट एकच, घरून एकही ऑर्डर घ्यायची नाही. उत्तर आज सहापर्यंत हवं होतं. नोकरी आणली होती तिच्या दिराने, म्हणजे धाकट्याने. तो विमा कंपनीत हिशेब तपासतो, त्यामुळे कुणाचं कुठे काय चुकतंय हे त्याला सुट्टीच्या दिवशीही दिसतं. त्याच्या बायकोने आज यायचं टाळलं होतं. शहाणी आहे ती.

"माझ्या केकचं काय?" ताईने बसायच्या आधीच विचारलं. "पुढच्या रविवारी माझं दुसरं पार्लर सुरू होतंय. चार किलोचा केक सांगून ठेवलाय मी."

"बेकरीतून घे," धाकटा म्हणाला.

"बेकरीतून सगळं गाव घेतं. मी बायकांना सांगितलंय, आमच्या वहिनीच्या हातचा आहे म्हणून."

"घरच्या भावात."

"मग काय, परक्या भावात? माझ्या सख्ख्या भावाची बायको आहे ती."

घरचा भाव म्हणजे नुसत्या सामानाचे पैसे, तेही 'नंतर देते गं' म्हणून. आणि ते नंतर बहुतेक वेळा येतच नाही. बाहेरच्यांना किलोचे आठशे. हा आकडा सात वर्षांपूर्वी ठरला तो ठरला. लोणी दुप्पट महाग झालं, अंड्यांनी डोकं वर काढलं, अक्रोडाकडे तर बघवत नाही, पण वहिनीचे आठशे जागचे हलले नाहीत. आणि ते आठशेसुद्धा ती इतक्या हळू आवाजात सांगायची, की गिऱ्हाईकाला दोनदा विचारावं लागायचं.

वहिनीचा नवरा, दादा, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बहीण-भावाची जुंपली, की तो नेहमी बायकोच्या बाजूला येऊन उभा राहतो, बोलत मात्र नाही. पाण्याचे मीटर वाचायची त्याची नोकरी. दिवसभर लोकांच्या दारात वाकून आकडे टिपायचे आणि आकड्यावरून कुणी भांडायला आलं तर वही दाखवायची. कमी बोलायची सवय त्याला तिथूनच लागली असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. ती त्या नोकरीच्या आधीची आहे.

समोर ओट्यावर तिचा केक उभा राहत होता. पाच वाजता दाताच्या डॉक्टरीणबाई न्यायला येणार होत्या, त्यांच्या आईला ऐंशी पूर्ण होत होती. चॉकलेट आणि अक्रोड. दादाने हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि तरी तो बघत राहायचा. स्पंज झाला की नाही हे वहिनी सुरी खुपसून बघत नाही. ओव्हनचं दार उघडून कान जवळ नेते. कच्चा स्पंज आतल्या आत बारीक चुरचुरतो, झाला की गप्प होतो. अक्रोड ती नेहमी अख्खे विकत घेते, स्वतः फोडते, भाजते, आणि एकेक चाखून बघते, कारण एक खवट निघाला तर सगळा केक गेला. क्रीम लावताना फिरत्या पाटावर केक फिरतो आणि तिचा हात एका जागी स्थिर राहतो. ही बाई गावातल्या कुठल्याही कारागिराच्या तोडीची आहे हे दादाला कधीपासून माहीत होतं. सांगायला मात्र त्याला कधी जमलं नाही, आणि याचं त्याला वाईट वाटायचं.

"मी हो म्हणणार आहे," काल टिन पुसता पुसता ती त्याला म्हणाली होती. "सात वर्षं झाली. महिन्याच्या शेवटी माझ्या हातात काय उरतं? नखातलं पीठ."

"तुला जायचंय का?"

"मला माझे केक करायचेत. पण हौसेला किती दिवस पदरमोड करायची?"

तिला जायचं नव्हतं. एवढं त्याला पुरेसं कळलं होतं.

बाहेरच्या खोलीत धाकट्याने कागद काढला होता. कागद काढल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नाही.

"हे बघ ताई. मी भावनेने बोलत नाही. एका केकचं सामान, तिच्याकडून बिलं घेऊन मी मांडलं, पाचशे वीस. डबा, पुठ्ठा, वीज धरून आणखी शंभर. झाले सहाशे वीस. घेते आठशे. उरले किती?"

"एकशे ऐंशी," ताई म्हणाली. तिला हिशेब शिकवावा लागत नाही.

"वेळ किती लागतो? बाजारापासून भांडी घासण्यापर्यंत पाच तास. पाच तासांचे एकशे ऐंशी. तासाला छत्तीस. याला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात. म्हणून मी नोकरी आणली, तर मीच वाईट."

 ताईने पर्समधून काहीतरी काढल्यासारखं केलं आणि पुन्हा ठेवलं. भांडायला म्हणून जी वाक्यं ती रस्ताभर घोळवत आली होती, ती आता तिच्या काही कामाची नव्हती. एका खोलीत, एका आरशासमोर तिने धंदा सुरू केला होता. बायका म्हणायच्या, काय बाई, दोन केसांचे एवढे पैसे? ती म्हणायची, दोन केसांचे नाहीत, कुठले दोन काढायचे ते कळतं त्याचे आहेत. आणि हीच आपण, आपल्या वहिनीला म्हणत आलो, नंतर देते गं.

"तासाला छत्तीस," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे दोन भुवयांचे ऐंशी. म्हणजे वहिनी तासाला माझी एक भुवईसुद्धा कमवत नाही."

"तेच म्हणतोय मी."

"तू नोकरी कर म्हणतोयस. मी म्हणतेय भाव वाढव."

"भाव वाढवून कोण घेणार? बेकरीत किलो साडेआठशेला मिळतो." धाकट्याने पेन कागदावर आपटलं. "आणि मला एक कळत नाही. बेकरीवाले एका किलोचं सामान साडेतीनशेत बसवतात. मी विचारून आलोय. हिला पाचशे वीस लागतातच कसे? कुठेतरी सामान वाया जातंय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

राग कुणी मानला असेल तर तो आप्पांनी.

आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाठीला पट्टा बांधलेले, आणि आत्तापर्यंत डोळे मिटून. घरातली माणसं समजायची ते झोपलेत, आणि आप्पाही त्यांना तसं समजू द्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी किराणा दुकान चालवलं होतं. लग्न होऊन आलेल्या या सुनेला दुकानात बसवून वजन करायला त्यांनीच शिकवलं होतं, कारण त्यांच्या मते माणसाची पारख करायला तराजूसारखी दुसरी जागा नाही. पोरीचा हात पहिल्या दिवसापासून असा होता, की साखर पुडीत ओतताना एक दाणा खाली पडत नसे. आणि हा हिशेबनीस म्हणतोय ती सामान वाया घालवते.

"तराजू काढा," आप्पा म्हणाले.

"कुठला तराजू?"

"दुकानातला. माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळलेला. काढा आणि तिचा केक घाला. दाखवतो तुला, तिचं माप गुंजभर तरी चुकतं का."

"आप्पा, वहिनीकडे बॅटरीवरचा काटा आहे."

"त्यावर ती सामान मोजते. केक कुणी मोजलाय कधी?"

कुणीच मोजला नव्हता. आठ इंची टिन म्हणजे एक किलो, असं वहिनीला कुणीतरी सुरुवातीला सांगितलं होतं आणि ती तेच धरून चालली होती. किराणेवाल्याच्या घरात सात वर्षं वजनावर माल विकला गेला आणि तयार माल एकदाही तराजूत पडला नाही. सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

धाकटा स्टुलावर चढला, ताईने स्टूल धरलं. दादा दारातच उभा राहिला. त्याला कुणी बोलावलंही नाही. बावीस वर्षं झाली, त्याने या घरात काही तोललं नव्हतं. भाजी आणायला गेला तर भाजीवाला वजन करत असताना तो रस्त्याकडे बघायचा.

टेबलावर तराजू मांडला. पितळेची पारडी काळवंडली होती, पण काटा अजून मोकळा हलत होता. आप्पा उठून आले. त्यांनी पारडी पुसली, बोटाने काटा हलवून तो मधे येईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "केकखाली पुठ्ठा आहे ना? तसाच रिकामा पुठ्ठा या बाजूला ठेवा. असा धडा करून दोन्ही बाजू सारख्या केल्याशिवाय तोलायचं नसतं. पुठ्ठ्याचं वजन केकच्या भावात विकणं पाप आहे."

वहिनीने केक दोन हातांनी उचलून आणला आणि पारड्यात ठेवला. पारडं धप्पकन खाली बसलं. आप्पांनी दुसऱ्या बाजूला किलोचं वजन ठेवलं.

केक हलला नाही.

"तराजू गंजलाय," धाकटा म्हणाला.

"गप्प बस." आप्पांनी दोनशेचं ठेवलं. नाही. त्यावर शंभराचं. तरीही नाही. मग दोन्ही काढून त्यांनी अर्ध्या किलोचं ठेवलं, आणि केक हळूहळू वर आला. काटा मध्याच्या जरा अलीकडे थांबला, केकच्या बाजूला.

"दीड किलो," आप्पा म्हणाले. "आणि वर थोडं."

ताईने तोंडावर हात ठेवला. वहिनी तराजूकडे बघत राहिली.

"पण मी एक किलोचंच सामान मोजते," ती म्हणाली. "लिहिलंय माझ्याकडे. खरंच मोजते."

"आणि मग?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"मग काही नाही. अंडं लहान निघालं तर एक जास्त घालते. अक्रोड मोजून झाले की वर एक मूठ. स्पंजचे तीन थर पातळ वाटतात, म्हणून चौथा लावते. आणि क्रीम थोडंच उरतं, ते ठेवून काय करायचं, म्हणून तेही..." ती थांबली. "आप्पा, तुम्हीच सांगितलं होतं. काटा मधे आला की थांबायचं नाही. वरची मूठ घालायची. गिऱ्हाईकाच्या पिशवीत जाते ती आपल्याच घरी परत येते."

आप्पांनी सांगितलंच होतं. चाळीस वर्षं त्यांच्या हातून असंच सुटलं. किलोवर मूठभर साखर, डाळीवर डाळ, मुलं आली तर मुलांच्या हातावर शेंगदाणे. आख्खी वस्ती म्हणायची, माप घ्यावं तर आप्पांच्या दुकानातून. वर काय पडतं हे कुणी विचारत नसे. घेणाऱ्याला ते आपलं वाटायचं आणि देणाऱ्याला सवय झाली होती.

धाकट्याने कागदावर भागाकार केला. "दीड किलोला पाचशे वीस. म्हणजे किलोला साडेतीनशेच्या खालीच." त्याने मान वर केली. "वहिनी, माफ कर. काही वाया जात नाही. सगळं केकमध्येच आहे." आणि मग, काही मनात न ठेवता, आकड्यामागून आकडा येतो तसं त्याने विचारलं, "आप्पा, म्हणजे दुकानातही असंच चालायचं?"

 दादा पाणी प्यायला आत गेला.

दुकान कसं बंद पडलं हे या घरात मोठ्याने बोलत नाहीत. आप्पांच्या पाठीवर पोतं पडलं आणि ते दोन वर्षं अंथरुणाला खिळले. चोवीस वर्षांचा दादा गल्ल्यावर बसला. वर्षभरात कुजबुज सुरू झाली, मुलगा माप मारतो. बापाचा हात नाही त्याला. बायका पिशव्या हातात तोलून बघायच्या आणि पलीकडच्या दुकानात जायच्या. दुसऱ्या वर्षी दार लागलं ते लागलंच. आप्पांनी मुलाला एका शब्दाने विचारलं नाही. न विचारणं हेही एक बोलणंच असतं, आणि दादाने ते ऐकलं होतं.

आत माठाजवळ दादाने भांडं तोंडाला लावलं आणि प्यायला विसरला. बाहेर ताईचा आवाज चढला होता, ते बरं झालं.

"आता माझं ऐका. धंदा मी केलाय. वहिनी, तुझा भाव कमी नाही, तुझं माप जास्त आहे. तू किलोला साडेपाचशेसुद्धा घेत नाहीस आणि स्वतःला आठशेची समजतेस. नऊशे लाव. बेकरीपेक्षा पन्नास जास्त, आणि अक्रोड खवट नाहीत. किलोला नऊशे, दीड किलोचे तेराशे पन्नास."

"कोण देईल तेराशे पन्नास?"

"आधी म्हण तरी. म्हण."

"तेराशे पन्नास," वहिनी म्हणाली.

"काय? मी बहिरी गिऱ्हाईक आहे."

"तेराशे पन्नास, ताई."

"ताई नको. आणि मान खाली घालू नकोस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? केक तर समोरच ठेवलाय."

धाकटा पुन्हा मांडायला लागला होता. आपण आणलेल्या नोकरीला आपणच सुरुंग लावतोय हे त्याला दिसत होतं, पण बरोबर आकडा समोर आला की त्याला थांबता येत नाही. "तेराशे पन्नासातून खर्च सहाशे वीस गेला. सातशे तीस उरतात. महिन्याला वीस केक तर तुझे होतातच. चौदा हजार सहाशे." त्याने पेन ठेवलं. "बेकरीपेक्षा सहाशे जास्त. पण गिऱ्हाईक टिकलं तर. नाही टिकलं तर शून्य."

हीच ती गोष्ट होती. वहिनीने घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होते.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते बघू," ती म्हणाली. "सात वर्षांचं गिऱ्हाईक आहे. त्या नाही म्हणाल्या तर दुसरं कुणी हो म्हणणार नाही. मग मी सहाला बेकरीत फोन करते आणि विषय संपवते. नंतर कुणी मला काही म्हणायचं नाही."

 तराजू टेबलावरच राहिला. तो उचलायला वेळ नव्हता.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. दाताचे डॉक्टर वेळेवरच येतात, उशीर फक्त पेशंटला होतो. डब्याचं झाकण उघडून त्यांनी केक पाहिला. वर अक्रोडाची नक्षी होती, आणि कडेने क्रीमच्या बारीक दोऱ्या. मोजल्या असत्या तर ऐंशी भरल्या असत्या.

"आई रडणार," त्या म्हणाल्या. मग पर्स उघडली. "आठशेच ना?"

  मागे खोलीत चार माणसं कान देऊन बसली होती. वहिनीने मान खाली घातली नाही.

"हा केक तेराशे पन्नासचा आहे. आम्ही आज तोलला. दीड किलो भरला. किलोला नऊशे."

डॉक्टरीणबाईंचा हात पर्समध्येच थांबला. "पण मी एक किलो सांगितला होता."

हे मात्र कुणाच्या हिशेबात नव्हतं. ना ताईच्या, ना कागदावर. वहिनीने एक क्षण विचार केला, आणि तिला एकदम मोकळं वाटलं, कारण उत्तर सरळ होतं.

"बरोबर आहे. तुम्ही एक किलो सांगितलात, आठशेला सांगितलात. जास्त मी घातलं, चूक माझी. आज आठशेच द्या. पण पुढच्या वेळेपासून एक किलो हवा तर एक किलो देईन, नऊशेला. हा एवढा हवा असेल तर तेराशे पन्नास. माझे पाच तास जातात यात. इतके दिवस मी ते धरतच नव्हते."

आत धाकट्याने ओठांतल्या ओठांत म्हटलं, "साडेपाचशे गेले." ताईने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

डॉक्टरीणबाई हसल्या. आधी थोडं, मग चांगलंच. "अहो, म्हणजे तुमचा किलो दीड किलोचा असतो होय? आणि मी त्या बेकरीवाल्याशी भांडून आले. मागे तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा तिथून एक किलो घेतला. डबा उघडला तर एवढासा. परत घेऊन गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, माप मारता तुम्ही. आमच्या बाईंचा किलो बघा एकदा. तो बिचारा शपथा घेत होता, मी ऐकून घेतलं नाही. त्याचं माप बरोबर होतं की हो."

"हो," वहिनी म्हणाली. "त्यांचं बरोबर असणार."

"माफी मागायला पाहिजे." त्यांनी हजार रुपये पुढे केले. "राहू द्या वरचे."

वहिनीने दोनशे मोजून परत दिले. "वरचे नकोत. आता वर काही द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही."

"बरं. मग पुढच्या महिन्यात नवऱ्याचा वाढदिवस आहे. एवढाच करा. तेराशे पन्नास. एक किलोत आमच्याकडचं भागत नाही, मला वाटायचं भागतं." दारातून त्या वळल्या. "आणि खरं सांगू? आठशे म्हटलं की घरात विचारायचे, एवढ्यात कसं परवडतं, लोणी खरं आहे ना? आता नाही विचारणार."

दार लागलं. ताई उठून आली आणि तिने वहिनीला मिठी मारली. पिठाने तिचा काळा कुर्ता पांढरा झाला, ती तशीच उभी राहिली. "माझे चार किलोचे छत्तीसशे," ती वहिनीच्या खांद्यात म्हणाली. "आगाऊ देते. आणि मागचे जेवढे 'नंतर देते' आहेत ते धाकट्याला मांडायला सांग. माझ्याच्याने मांडवणार नाहीत, लाज वाटते."

"मांडलेत," धाकटा म्हणाला.

वहिनीने सहा वाजायची वाट पाहिली नाही. फोन लावला. "मी येत नाही. हो, विचार करून सांगतेय. पगाराची तक्रार नाही, पगार चांगलाच आहे. माझ्याकडे ऑर्डर आहेत." फोन ठेवल्यावर तिला रडू आलं, आणि ती ओट्याकडे तोंड करून थोडं रडली. मग डोळे पुसून तिने उद्याच्या केकचं सामान काढलं.

 आप्पा अजून तराजूसमोरच्या खुर्चीत बसून होते, आणि डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य त्यांच्या कानातून जात नव्हतं. त्याचं माप बरोबर होतं की हो. एकीकडे कुणी सढळ हाताने घालत राहिलं, की दुसरीकडे बरोबर घालणारा चोर ठरतो. चाळीस वर्षं आपण वरची मूठ दिली आणि ती मुलाच्या तोंडातून काढली, हे त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं, तेही एका केकमुळे.

"इकडे ये रे," त्यांनी हाक मारली. दादा आला. "त्या दोन वर्षांत तू किती घालायचास? किलोला?"

"किलो," दादा म्हणाला.

"वर काही नाही?"

"वर काही उरलं नव्हतं, आप्पा. मी जुन्या वह्या पाहिल्या होत्या. दुकान त्याआधीच सहा वर्षं तोट्यात होतं. आईच्या बांगड्या त्यातच गेल्या होत्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पाठीवर पडून होता," दादा म्हणाला. "आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस तुमच्या मापाचं कौतुक करून जायचा. तेवढंच तुम्हाला बरं वाटायचं. ते कसं काढून घेऊ?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं लोकांच्या दारात वाकून त्याची पाठही आता थोडी वाकली होती. त्यांच्यासारखीच.  मग त्यांनी वहिनीला सांगितलं, "उद्याचे अक्रोड मी तोलतो. आण."

वहिनीने टोपली आणून ठेवली. आप्पांनी शंभराचं वजन एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्यात अक्रोड सोडायला लागले. एकही दाणा खाली पडला नाही. काटा हलत हलत मधे आला. आप्पांची मूठ अजून भरलेली होती, पारड्याच्या वर, उघडायच्या बेतात. सगळे त्या मुठीकडे बघत होते. 

आप्पांनी मूठ मागे घेतली आणि टोपलीत रिकामी केली. मग खुर्ची जरा सरकवून त्यांनी तराजूसमोर जागा केली.

"माझी नजर आता अधू झालीये," ते दादाला म्हणाले. "तू बघ. बरोबर आहे का?"

दादा वाकला. मीटर वाचतो तसा, डोळे काट्याच्या पातळीला आणून. बराच वेळ तो तसाच राहिला.

"बरोबर आहे, आप्पा."

"मग बरोबरच असणार," आप्पा म्हणाले. "तू कधी चुकला नाहीस."